भिंत बघून ड्रिल

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मागितलं की काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "किती वॅटचं दाखवू?" त्याऐवजी "भिंत कशाची आहे?" असं विचारणारा दुकानदार भेटला, तर त्याचं दुकान सोडू नका. पडद्याचा रॉड, आरसा, देव्हारा, मसाल्यांचा रॅक, दाराची कडी अशी वर्षातून चार-सहा कामं निघणाऱ्या घराला कोणतं यंत्र पुरेल, हे त्या घराच्या भिंती ठरवतात.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत दीड हजारापासून पंधरा हजारांपर्यंतची मशिनं शेजारी-शेजारी मांडलेली असतात, आणि नवख्या डोळ्यांना ती सगळी एकसारखीच दिसतात. मग चूक दोनपैकी एका दिशेनं होते. विटेच्या भिंतीसाठी गरजेपेक्षा जड मशीन घेतलं जातं, नाहीतर काँक्रीटच्या भिंतीसाठी हलकं. पहिल्या चुकीत नुकसान फक्त पैशांचं. दुसरीत पैसे, बिट, भिंतीचा रंग आणि घरातली शांतता असं सगळंच जातं. म्हणून आधी भिंत, मग मशीन आणि त्यानंतर खर्च, या क्रमानं जाऊ.

घरातली भिंत ओळखा

विटेची भिंत सगळ्यांत सोशिक. बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची, आणि खोलीच्या बाजूला साधारण १२ ते १५ मिलिमीटर प्लास्टर. भाजलेली वीट मऊ असते. साध्यातलं साधं इम्पॅक्ट ड्रिल तिच्यात अर्ध्या मिनिटात भोक पाडतं. पण विटेच्या घरातही काँक्रीट असतंच. कॉलम आणि बीम बहुतेकांना माहीत असतात, विसरतं ते लिंटेल. खिडकीच्या वर साधारण सहा इंचांची काँक्रीटची पट्टी असते आणि ती खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुढे गेलेली असते. पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट नेमके तिथेच येतात. घरात सर्वांत जास्त वेळा निघणारं काम घराच्या सर्वांत कठीण जागी असतं, ते असं. रॉड लिंटेलच्या वर न्यायला जागा असेल तर निम्मा त्रास वाचतो.

गेल्या काही वर्षांत शहरांमधल्या बऱ्याच उंच इमारतींत विटा दिसतच नाहीत. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतले जातात. मायवान हे असे साचे पुरवणाऱ्या एका कंपनीचं नाव, म्हणून अशा इमारतीला सगळे 'मायवान'चीच इमारत म्हणतात. इथे देवघराच्या मागची भिंतही सळ्या घातलेल्या काँक्रीटची असते, वर प्लास्टरऐवजी पुट्टीचा पातळ थर. एम-२५ प्रतीचं काँक्रीट २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन इतका दाब सोसतं. पांढऱ्या हलक्या ब्लॉकची ताकद तीन ते पाच न्यूटनच्या घरात असते. हा फरक खांद्याला लगेच कळतो.

ते पांढरे ब्लॉक म्हणजे एएसी. जुने ठेकेदार त्यांना अजून 'सिपोरेक्स' म्हणतात. सिमेंट, चुना, राख किंवा वाळू यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घालून ते फुगवतात, म्हणून आत हवेची बारीक भोकं असतात आणि कोरडा ब्लॉक पाण्यावर तरंगतो. त्यात भोक पाडणं सोपं. त्या भोकात स्क्रू टिकवणं अवघड. इथे ठोके देणारी सेटिंग वापरली तर भोकाच्या कडा चुरतात, म्हणून नुसतं फिरवून भोक पाडायचं.

कोकणात आणि गोव्यात भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो, मध्येच मऊ, मध्येच कडक गाठीचा. बिट सरळ रेषा सोडून मऊ बाजूकडे सरकतं आणि भोक ठरल्यापेक्षा मोठं होतं. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींना तर ड्रिलचा काहीच प्रश्न नसतो, पण तिथे वजन भिंतीला टांगण्यापेक्षा लाकडी खांबाला किंवा तुळईला देणं शहाणपणाचं.

भिंत कशाची आहे हे नक्की माहीत नसेल, तर फ्रिजच्या किंवा कपाटाच्या मागे एक भोक पाडून त्यातून येणारी पूड बघा. पहिले १०-१५ मिलिमीटर प्लास्टरची करडी पूड येईल. त्यानंतर लाल आली तर वीट, पांढरी भुसभुशीत आली तर एएसी, आणि करडीच पूड हळूहळू, कुरकुरत येत राहिली तर काँक्रीट. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ते जिप्समचं पार्टिशन. त्याच्या गिट्ट्या, म्हणजे भोकात स्क्रू धरून ठेवणारे प्लग, वेगळ्या मिळतात आणि त्यावर जड काही लावायचं नाही.

तीन मशिनं, तीन कामं

लाकूड आणि लोखंड कापलं जातं. बिटची धार फिरते आणि तासल्यासारखे छिलके निघतात. आपल्या सुतारांचा सामता किंवा गिरमीट हेच करायचे, हाताच्या जोरावर. वीट आणि काँक्रीट मात्र असं कापलं जात नाही. ते ठेचावं लागतं आणि ठेचलेली पूड बाहेर काढावी लागते. बाजारात तीन जातींची मशिनं असतात, ती या फरकामुळे.

पहिलं, साधं ड्रिल. ते फक्त फिरतं. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी १८९५ साली हातात धरण्याजोगं विजेचं ड्रिल बनवलं, आणि अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरनं पिस्तुली मूठ आणि बोटाखालचा ट्रिगर यांचं पेटंट १९१७ साली मिळवलं. आजच्या सगळ्या ड्रिलांचं रूप तेव्हाच ठरलं. लाकूड, पत्रा, प्लास्टिक आणि एएसी एवढंच काम असेल तर हे पुरतं. पण आपल्याकडे निव्वळ साधं ड्रिल घेण्यात अर्थ नाही, कारण थोडे जास्त पैसे टाकले की दुसरी जात मिळते आणि तिच्यात हे काम असतंच.

दुसरं, इम्पॅक्ट ड्रिल. त्याच्या पोटात दातेरी कडा असलेल्या दोन चकत्या असतात. बटण हातोडीच्या चिन्हाकडे सरकवलं की त्या एकमेकींवर घासून उड्या मारतात आणि बिट फिरता फिरता पुढे-मागे हादरतं. मिनिटाला चाळीस हजारांवर ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका अगदी बारीक. ठोक्याला जोर तुमच्या हातातून मिळतो. दाबलं नाही तर चकत्या नुसत्या कुरकुरतात. विटेला आणि चिऱ्याला एवढं भरपूर झालं. काँक्रीटमध्ये ६ मिलिमीटरची दोन-चार भोकं यातून पडतात. आठवं-दहावं भोक मात्र मशीन, बिट आणि माणूस तिघांनाही तापवतं.

तिसरं, रोटरी हॅमर. बॉशनं असं मशीन पहिल्यांदा १९३२ साली बाजारात आणलं. याच्या आत दट्ट्या असतो. तो हवा दाबतो आणि दाबलेली हवा एका धातूच्या गोळ्याला बिटच्या बुडावर आपटते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण दोन किलोच्या आसपासच्या घरगुती मशिनात प्रत्येक ठोका साधारण दोन ज्यूलचा. एक किलोचं वजन वीतभर उंचीवरून पडलं तर एवढीच ऊर्जा मिळते, आणि इथे ती सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा मिळते. त्यामुळे दाबायची गरज उरत नाही; मशीन सरळ धरलं की झालं. ज्या काँक्रीटशी इम्पॅक्ट ड्रिल दोन-तीन मिनिटं झटतं, तिथे हे काही सेकंदांत ५० मिलिमीटर आत जातं. याची बिटं वेगळी असतात. दांड्याला खाचा असतात आणि ती किल्लीशिवाय 'खट्' करून बसतात. दुकानात 'एसडीएस प्लस' म्हटलं की तीच मिळतात. या मशिनाच्या दोन उणिवा आहेत. ते जड असतं, आणि लाकडात किंवा पत्र्यात नेमकं, नाजूक भोक पाडायला अवघड जातं. त्यासाठी चकचा, म्हणजे साधं बिट धरणाऱ्या जबड्याचा, वेगळा जोड घ्यावा लागतो.

डब्यावरचे आकडे

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं. त्यातली किती बिटपर्यंत पोहोचते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. चांगल्या बनावटीचं ५०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल घरकामाला पुरतं. ९०० वॅट लिहिलेलं अनोळखी मशीन त्याहून चांगलं असेलच असं नाही. त्याऐवजी डब्यावरची क्षमतेची ओळ वाचा: काँक्रीटमध्ये किती, लोखंडात किती, लाकडात किती मिलिमीटर. काँक्रीटला १० किंवा १३ लिहिलं असेल तर तो शेवटचा टोकाचा आकडा समजा आणि रोजचं काम त्याच्या निम्म्यावर धरा.

चक १० मिलिमीटरचा असतो किंवा १३ चा. घरातली गिट्टी ६ किंवा ८ ची असते, क्वचित १० ची. त्यामुळे १० चा चक असलेलं मशीन चालतं, आणि ते हलकंही असतं. स्टूलवर उभं राहून डोक्याच्या वर हात करून भोक पाडायचं असतं, तेव्हा अर्धा किलोही जाणवतो.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. एक, ट्रिगर दाबू तसा वेग वाढणारा हवा. टाइलवर सुरुवात करताना किंवा स्क्रू पिळताना हळू फिरवावं लागतं. एकाच वेगाचं मशीन तिथे घसरतं आणि टाइलवर ओरखडा राहतो. दुसरी, उलटं फिरवायची सोय. भोकात अडकलेलं बिट त्याशिवाय निघत नाही.

मशिनाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. म्हणून अशा मशिनाला दोनच पिना असल्या तरी ते सुरक्षित असतं. हे चिन्हही नाही आणि तिसरी पिनही नाही, असं मशीन स्वस्त असलं तरी परत ठेवा.

आणखी एक प्रश्न दुकानात विचारायचाच: "याचे कार्बन मिळतात का?" वायरच्या बहुतेक ड्रिलांच्या मोटारीत कार्बनचे दोन तुकडे घासत असतात आणि झिजतात. ते शे-दीडशे रुपयांत बदलता येतात, पण मिळाले तर. अनोळखी मशिनाचे कार्बन मिळाले नाहीत की चांगली मोटार भंगारात जाते. गावात किंवा जवळच्या शहरात ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे, त्या कंपनीचं सर्वांत लहान मशीन घेणं हा बहुतेक वेळा किफायतशीर सौदा ठरतो.

वायर की बॅटरी

बिनवायरचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरनं १९६१ साली आणलं, तरी आपल्या घरांत ते लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर शिरलं. फर्निचर जोडायचं, बिजागऱ्या बसवायच्या, स्क्रू पिळायचे, तर त्यासारखं सोयीचं मशीन नाही. पण अधूनमधूनच्या कामाला त्यात एक खोट आहे. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होत जाते. वर्षातून चार वेळा निघणारं ड्रिल चार-पाच वर्षांनी काढाल तेव्हा मोटार नवीकोरी आणि बॅटरी अर्धमेली असू शकते, आणि नवी बॅटरी मशिनाच्या निम्म्या किमतीची. घेतलंच तर बॅटरी अर्धवट चार्ज करून, उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा आणि मधूनमधून बघत जा.

व्होल्टच्या आकड्यांना भुलू नका. एका लिथियम सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर तो चारच्या थोडा वर जातो. तीन सेल म्हणजे १०.८ आणि पाच म्हणजे १८. '१२ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' ही याच दोन बॅटऱ्यांची, काठोकाठ चार्ज असतानाची नावं. हाताच्या पंज्यात मावणाऱ्या बॅटरीवर ४८ छापलेलं असेल, तर आत तेरा सेल एकापुढे एक जोडलेले असायला हवेत. तेवढी जागा त्या डब्यात दिसते का, ते दुकानातच बघून घ्या.

घरात मुख्य काम भिंतीचं असेल तर वायरचं मशीन घ्या. ते दहा वर्षं माळ्यावर पडून राहिलं तरी प्लग लावला की चालतं. वायर दीड-दोन मीटरचीच असते, म्हणून चांगल्या प्रतीचा एक्स्टेंशन बोर्ड हिशेबात धरा.

बिट आणि गिट्टी

स्वस्त मशीन आणि चांगलं बिट ही जोडी महाग मशीन आणि भंगार बिट या जोडीला सहज हरवते. भिंतीच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा लहानसा तुकडा डाखलेला असतो. काम तो करतो, बाकीचा दांडा पूड बाहेर आणतो. तुकडा नीट बसलेला नसेल तर तापून निखळतो आणि भोकातच राहतो. मशिनाबरोबर 'शंभर नगांचा संच' मिळतो, त्यात आकडा फुगवायला स्क्रू आणि गिट्ट्याही मोजलेल्या असतात. तो मोह टाळा आणि नावाजलेल्या कंपनीची ६ आणि ८ ची भिंतीची बिटं सुटी घ्या. लोखंडासाठी हायस्पीड स्टीलचं बिट लागतं, लाकडासाठी मध्ये टोक असलेलं, आणि टाइलसाठी भाल्याच्या आकाराचं. लोखंडाचं बिट भिंतीला लावलं की त्याची धार पहिल्याच भोकात जाते.

स्क्रूला भिंतीत धरून ठेवणारी गोष्ट ड्रिल नव्हे, गिट्टी. तिच्याआधी आपल्याकडचे वायरमन छन्नीनं चौकोनी खड्डा खणून त्यात लाकडी गुट्टी सिमेंटानं बसवायचे. ब्रिटनमध्ये जॉन रॉलिंग्ज या ठेकेदारानं १९११च्या सुमारास तागाची गिट्टी शोधली. रॉल प्लग हे नाव त्याचंच. जर्मनीच्या आर्टुर फिशरनं १९५८ साली नायलॉनची, फाकणाऱ्या पायांची गिट्टी बनवली आणि जगभराच्या भिंती तिनं व्यापल्या. स्क्रू आत जाताना गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. वजन पेलतं ते या दाबामुळे होणाऱ्या घर्षणानं. म्हणून ६ च्या गिट्टीला ६ चंच बिट. भोक सैल झालं तर काडीपेटीच्या काड्या कोंबण्यापेक्षा ८ ची गिट्टी आणि थोडा जाड स्क्रू घाला. गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे विटेत गेली पाहिजे, म्हणून भोक निदान ४५-५० मिलिमीटर खोल लागतं. एएसीला लांब, आटे असलेल्या खास गिट्ट्या मिळतात आणि जांभ्यालाही गिट्टी लांबच घ्यावी. २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो असतं. तिथे गिट्टीवर न विसंबता अँकर फास्टनर लावावा, आणि भिंत एएसीची असेल तर ते काम जाणकारावर सोपवावं.

विकत घ्यावंच का?

आता हिशेब. चांगल्या कंपनीचं छोटं इम्पॅक्ट ड्रिल साधारण दोन ते तीन हजारांत येतं. बिटं, गिट्ट्या, स्क्रू आणि डोळ्यांचा चश्मा धरून आणखी सात-आठशे. छोटं रोटरी हॅमर त्याच्या दुप्पट किंवा थोडं अधिक. वायरमनला एका भेटीचे दोन-तीनशे रुपये देऊन तुमचं वर्षभराचं काम होत असेल, तर खर्च वसूल व्हायला दहा-बारा वर्षं जातील. विकत घेण्याचं खरं कारण पैशाची बचत हे नसून, एका भोकासाठी माणूस येत नाही, हे आहे.

मायवानच्या इमारतीत राहणाऱ्यांपुढे आणखी एक मार्ग असतो. सगळ्यांच्या भिंती सारख्याच कठीण, म्हणून चार शेजाऱ्यांनी मिळून एक रोटरी हॅमर घेतलं तर प्रत्येकाला ते इम्पॅक्ट ड्रिलहून स्वस्त पडतं. बिटं मात्र ज्याची त्यानं घ्यावीत. सामाईक बिटची धार कोणी घालवली, यावर एकमत होत नाही.

पहिलं भोक

सोसायटीचा नियम आधी बघा. दुपारी दोन ते चार ड्रिलिंग बहुतेक ठिकाणी बंद असतं. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, कारण वायरींचे पाइप शक्यतो तसेच सरळ गेलेले असतात. बाथरूममध्ये नळ आणि गिझर यांच्यामधल्या रेषाही टाळा. बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. टाइल असेल तर तिच्यावरही चिकटपट्टी लावा, हातोडीची सेटिंग बंद ठेवा आणि टाइल पार होईपर्यंत हळू फिरवा.

काँक्रीटमध्ये बिट अचानक थबकलं आणि पूड यायची थांबली, तर सळई लागली. स्लॅबमध्ये सळईवर साधारण २० आणि कॉलममध्ये ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असतं, म्हणजे ५० मिलिमीटरच्या भोकात ती भेटणं साहजिक आहे. सळई कापायची नसते. इंचभर बाजूला सरका. चश्मा आणि मास्क लावा, कारण काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओढणी, पदर आणि सैल बाह्या आवरून घ्या. हातमोजे घालू नका, फिरणारं बिट त्यांना ओढून घेतं.

थोडक्यात सांगायचं तर विटेच्या आणि चिऱ्याच्या घराला ५०० ते ६०० वॅटचं, वेग कमी-जास्त करता येणारं, उलटंही फिरणारं वायरचं इम्पॅक्ट ड्रिल. एएसीच्या घरालाही तेच, ठोके बंद ठेवून. सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील तर छोटं रोटरी हॅमर, शक्यतो भागीत. भिंतीला हातच लावायचा नसेल आणि फर्निचरच जोडायचं असेल तर १२ व्होल्टचं बॅटरीवालं. आणि वर्षाला एक-दोनच भोकं असतील तर वायरमनचा फोन नंबर. यात तो सगळ्यांत स्वस्त.